तेच खेळाडू, नवा प्रशिक्षक

मे २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या गोल्डन स्टेट वॉरियर्स या बास्केटबॉल संघाने आपले मुख्य प्रशिक्षक मार्क जॅक्सन यांना पदावरून दूर केलं. या बातमीने अनेकांना धक्का बसला. जॅक्सन यांनी त्या हंगामात ८२ पैकी ५१ सामने जिंकून दिले होते. १९९४ नंतर ज्या संघाला २००७ चा अपवाद सोडला तर प्लेऑफचं, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांचं, तोंड दिसलं नव्हतं, त्याला त्यांनी सलग दोन वर्षं प्लेऑफमध्ये नेलं होतं. खेळाडूंचं त्यांच्यावर प्रेम होतं. संघाच्या व्यवस्थापनाशी मात्र त्यांचं जमेनासं झालं होतं. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कर. त्यांनी त्याआधी कुठल्याच संघाला एक दिवसही प्रशिक्षण दिलेलं नव्हतं.

पुढच्या हंगामात याच संघाने ८२ पैकी ६७ सामने जिंकले आणि ४० वर्षांनी एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचं, विजेतेपद मिळवलं. महत्त्वाचे खेळाडू जवळजवळ सगळे तेच होते. मग बदललं काय? नवा प्रशिक्षक संघात येतो तेव्हा नेमकं काय घेऊन येतो? या प्रश्नाचं उत्तर शोधायला वॉरियर्सच्या त्या एका वर्षाइतकं स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण. खेळाडू बदलले असते, तर श्रेय कुणाचं हा वाद कधीच मिटला नसता. इथे संघ तोच राहिला आणि माणूस बदलला.

प्रशिक्षकाच्या हातात काय असतं

आधी या पदाच्या मर्यादा पाहू. एनबीएत खेळाडू निवडणं, विकत घेणं, त्यांची अदलाबदल करणं हे मुख्यतः महाव्यवस्थापकाचं काम. वॉरियर्समध्ये तेव्हा बॉब मायर्स हे काम पाहत होते. प्रशिक्षकाला संघ बहुतांशी तयार मिळतो.

त्याच्या हातात उरतो तो वेळ. सामना ४८ मिनिटांचा आणि मैदानात एका वेळी पाच जण, म्हणजे वाटायला एकूण २४० मिनिटं. ही मिनिटं कुणाला, किती आणि कुणाच्या जोडीला द्यायची, हे प्रशिक्षक ठरवतो. चेंडू हाती आला की २४ सेकंदांत बास्केटच्या दिशेने फेकलाच पाहिजे, असा नियम आहे. त्या २४ सेकंदांत चेंडू कुणाकडून कुणाकडे जायचा, हेही त्याने शिकवायचं. बचावात कुणी कुणाला अडवायचं, टाइमआउटमध्ये काय सांगायचं, सरावात कशावर वेळ घालवायचा, हे निर्णयही त्याचेच.

यादी छोटी दिसते. पण याच गोष्टी खेळाडूचं आयुष्य घडवतात. एखाद्याला रोज ३५ मिनिटं मिळतात की १५, चेंडू त्याच्या हाती येतो की तो कोपऱ्यात उभा राहतो, यावर त्याचा आत्मविश्वास, त्याचं नाव आणि त्याचा पुढचा करार अवलंबून असतो. म्हणून नवा प्रशिक्षक येतो तेव्हा संघातला प्रत्येक जण मनात एकच प्रश्न घेऊन बसलेला असतो: आता माझं काय?

उमेदवारीची वर्षं

स्टीव्ह कर यांच्याकडे प्रशिक्षणाचा अनुभव नव्हता, पण शिक्षण भरपूर होतं. खेळाडू म्हणून ते शिकागो बुल्समध्ये फिल जॅक्सन आणि सॅन अँटोनियो स्पर्समध्ये ग्रेग पॉपोविच यांच्या हाताखाली खेळले. एनबीएच्या इतिहासातले हे दोन थोर गुरू. खेळाडू म्हणून कर यांनी पाच विजेतेपदं मिळवली, तीन शिकागोत आणि दोन सॅन अँटोनियोत. ते कधीच संघाचे मुख्य तारे नव्हते. बहुतेक वेळ बाकावर बसायचं आणि बोलावणं आलं की मैदानात जाऊन अचूक फेक करायची, हे त्यांचं काम. तीन गुणांच्या रेषेपलीकडून त्यांच्या ४५.४ टक्के फेकी बास्केटमध्ये गेल्या, आणि कारकिर्दीचा विचार करता हा एनबीएतला विक्रम आहे. १९९७ च्या अंतिम मालिकेत युटाविरुद्ध सहाव्या सामन्यात शेवटच्या क्षणी मायकल जॉर्डनला दोघांनी घेरलं, त्याने चेंडू मोकळ्या उभ्या असलेल्या कर यांच्याकडे दिला आणि त्यांच्या फेकीने विजेतेपद ठरलं. सर्वांत मोठ्या खेळाडूने योग्य वेळी पास दिला तर बाकावरचा माणूसही संघाला जिंकून देतो, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं.

दुसरा धडा त्यांना फिनिक्समध्ये मिळाला. २००७ ते २०१० या काळात ते फिनिक्स सन्सचे महाव्यवस्थापक होते. स्टीव्ह नॅशचा तो संघ वाऱ्याच्या वेगाने खेळे. चेंडू मिळाला की पहिल्या काही सेकंदांतच फेक, हा प्रशिक्षक माइक डॅन्टोनी यांचा बाणा. २००८ मध्ये डॅन्टोनी गेले आणि कर यांनी टेरी पोर्टर यांना आणलं. पोर्टर यांचा भर संथ, बचावावर बेतलेल्या खेळावर होता. संघाच्या स्वभावाशी तो जुळला नाही. हंगाम अर्ध्याच्या थोडा पुढे गेला असताना, २८ विजय आणि २३ पराभव खाती असताना, कर यांनाच पोर्टर यांना दूर करावं लागलं. त्यांच्या जागी आलेल्या अल्विन जेन्ट्री यांनी जुना वेग परत आणला आणि पुढच्या वर्षी सन्स पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले.

नवा प्रशिक्षक आपल्या डोक्यातला खेळ घेऊन येतो, पण तो खेळ समोरच्या खेळाडूंच्या अंगाला बसला पाहिजे. हे सत्य कर दुसऱ्याच्या नेमणुकीतून शिकले होते. स्वतःची पाळी आली तेव्हा त्यांनी सहायक म्हणून याच जेन्ट्रींना सोबत घेतलं.

अडीचशेपासून तीनशेपर्यंत

जॅक्सन यांच्या शेवटच्या हंगामात वॉरियर्सकडे स्टेफन करी आणि क्ले थॉम्प्सन असे दोन असामान्य शूटर होते. तरीही दर सामन्यातल्या पासच्या संख्येत हा संघ एनबीएत सर्वांत शेवटी होता, सामन्याला अडीचशेहूनही कमी. चेंडू करीकडे द्यायचा, एका उंच खेळाडूने येऊन त्याच्या बचावपटूची वाट अडवायची आणि पुढचं करीने पाहून घ्यायचं, असा प्रकार फार चाले. प्रतिस्पर्ध्यांनी त्यावर सोपा उपाय शोधला होता. करीवर दोघांनी धावून जायचं आणि त्याच्या हातून चेंडू सोडवून घ्यायचा. उरलेले खेळाडू उभ्या उभ्या पाहत राहत.

कर यांनी संघापुढे साधं उद्दिष्ट ठेवलं: दर सामन्यात ३०० पास. यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात गेला की बचाव करणाऱ्या पाचही जणांना आपली जागा थोडी बदलावी लागते. एक पास झाला तर ते सावरतात, दुसरा झाला तरी सावरतात. चौथ्या-पाचव्या पासला कुणीतरी अर्ध्या पावलाचा उशीर करतो आणि तेवढी फट करी किंवा थॉम्प्सनला पुरेशी असते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कर यांनी करीच्या हातात चेंडू नसतानाच्या खेळाला किंमत दिली. करी चेंडूशिवाय नुसता धावला तरी दोन बचावपटू त्याच्यामागे ओढले जातात. उंच खेळाडूकडे पास द्यायचा, मग दोन शूटरनी एकमेकांच्या वाटेत आडवं येत उलट दिशांना निसटायचं, ही चाल फिल जॅक्सन यांच्या त्रिकोणी पद्धतीतली. सतत हलतं राहणं आणि चांगली संधी सोडून अधिक चांगली संधी शोधणं पॉपोविच यांच्याकडून आलं. वेग डॅन्टोनी यांच्या फिनिक्समधला. तीन घराण्यांची ही विद्या त्यांनी एकत्र आणली आणि या संघाला मानवेल अशी जुळवली.

बदल पहिल्या दिवसापासून सुरळीत झाला नाही. नव्या पासांच्या नादात चेंडू वारंवार प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ लागला. पहिले पाच सामने जिंकल्यावर पुढचे दोन हरले. कर यांनी पद्धत सोडली नाही, फक्त अवघड पास टाळून सोपा पास द्यायचा आग्रह धरला. त्यानंतर संघाने सलग १६ सामने जिंकले. हंगाम संपला तेव्हा सामन्यातले पास तीनशेच्या वर गेले होते आणि सहकाऱ्याच्या थेट पासवर झालेल्या बास्केटमध्ये, म्हणजे असिस्टमध्ये, वॉरियर्स एनबीएत पहिले होते. करीला त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं गेलं. चेंडू हातात कमी वेळ ठेवून तो अधिक मोठा खेळाडू झाला.

बाकावर बसवण्याची कला

पद्धत कागदावर काढता येते. माणसांची समजूत काढणं त्याहून कितीतरी अवघड, आणि नव्या प्रशिक्षकाची खरी परीक्षा तिथे होते.

आंद्रे इगुओडाला तेव्हा तिशीचा होता. ऑल-स्टार सामना खेळलेला, अमेरिकेकडून ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला. एनबीएच्या साखळीत तो ७५८ सामने खेळला होता आणि प्रत्येक सामन्यात सुरुवातीच्या पाचांत होता. कर यांनी त्याला सांगितलं की यापुढे तू बाकावरून येशील. त्याच्या जागी तरुण हॅरिसन बार्न्स सुरुवात करणार होता. बार्न्सला आधीच्या वर्षी राखीव खेळाडूंबरोबर खेळताना सूर सापडला नव्हता आणि करी-थॉम्प्सनच्या सोबतीला मिळणाऱ्या मोकळ्या जागेत तो फुलेल, असा अंदाज होता. राखीव फळीला मात्र दिशा देणारं अनुभवी डोकं हवं होतं, आणि ते इगुओडालाकडे होतं.

अंदाज बरोबर निघाला. बार्न्सच्या यशस्वी फेकींचं प्रमाण ३९.९ टक्क्यांवरून ४८.२ टक्क्यांवर गेलं. इगुओडाला त्या साखळीत जे ७७ सामने खेळला, ते सगळे बाकावरून उठून. त्याने ही भूमिका स्वीकारल्यावर संघात इतर कुणाला रुसायला जागाच उरली नाही. डेव्हिड ली हा मोठ्या मानधनाचा ऑल-स्टार हंगामाच्या तोंडावर जखमी झाला. त्याच्या जागी २०१२ च्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत ३५ व्या क्रमांकावर घेतलेला ड्रेमंड ग्रीन आला आणि ली बरा झाल्यावरही ती जागा ग्रीनकडेच राहिली. कारण ग्रीन पाचही प्रकारच्या खेळाडूंना अडवू शकत होता. शिवाय करीवर दोघे धावून आले की करी चेंडू ग्रीनकडे देई आणि ग्रीन पुढे तिघांवर चौघे अशी संधी साधे. प्रतिस्पर्ध्यांचा जुना उपाय इथे त्यांच्यावरच उलटला.

हे सगळं आदेशाने झालं नाही. सराव सुरू होण्याआधीच कर खेळाडूंच्या भेटी घ्यायला निघाले होते. बार्न्सला भेटायला ते मियामीला गेले, अँड्र्यू बोगटला भेटायला थेट ऑस्ट्रेलियाला. ज्या माणसाने कारकीर्द बाकावर घालवली, त्याला बाकावर बसणाऱ्याच्या मनात काय चालतं ते ठाऊक होतं. मोठ्या खेळाडूला लहान भूमिका द्यायची तर आधी त्याच्या दारापर्यंत जावं लागतं.

अठ्ठाविशीतल्या सहायकाचा सल्ला

कर यांनी स्वतःभोवती माणसंही विचारपूर्वक निवडली. आक्रमणासाठी जेन्ट्री, बचावासाठी अनेक दशकांचा अनुभव असलेले आणि स्पष्ट बोलणारे रॉन अ‍ॅडम्स, आणि नुकताच खेळातून निवृत्त झालेला ल्यूक वॉल्टन. नवख्या मुख्य प्रशिक्षकाने आपल्याहून जाणत्यांना जवळ घेणं यात मोठा आत्मविश्वास लागतो.

२०१५ च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलँडविरुद्ध वॉरियर्स १-२ असे मागे पडले. लेब्रॉन जेम्सच्या संघाने खेळ संथ केला होता आणि वॉरियर्सचा वेग हरवला होता. त्या रात्री निक युरेन या २८ वर्षांच्या सहायकाने आधीच्या वर्षीच्या अंतिम मालिकेची चित्रफीत पाहिली. तिथे पॉपोविच यांनी आपला पहिला पाचाचा संच बदलून मियामीला चकवलं होतं. युरेनने सुचवलं की सात फुटी बोगटला बसवा आणि इगुओडालाला सुरुवातीपासून खेळवा. उंची जाईल, वेग परत येईल. कर यांनी ते ऐकलं.

चौथ्या सामन्यात क्लीव्हलँडने सुरुवातीलाच ७-० अशी आघाडी घेतली. कुणीही घाबरून जुना संच परत आणला असता. कर थांबले. वॉरियर्सनी तो सामना १०३-८२ असा जिंकला, मग पुढचे दोनही. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला इगुओडाला, ज्याने साखळीत एकदाही सुरुवात केली नव्हती. चौथ्या सामन्यानंतर कर यांनी कल्पनेचं श्रेय युरेनला जाहीरपणे दिलं. ज्या संघात सर्वांत धाकटा सहायकही अंतिम मालिकेच्या मध्यात तोंड उघडू शकतो, तिथे चांगल्या कल्पना वाया जात नाहीत.

आधीच्याचं ऋण

नव्याचं कौतुक करताना जुन्याला विसरणं हा अन्याय ठरेल. वॉरियर्सचा बचाव एनबीएतल्या अव्वल बचावांमध्ये आणला तो मार्क जॅक्सन यांनी. करी आणि थॉम्प्सन तरुण असताना त्यांच्यावर जाहीर विश्वास टाकला तोही त्यांनीच. कर यांनी हा पाया हलवला नाही. अ‍ॅडम्स यांच्या मदतीने त्यांनी तो आणखी पक्का केला आणि २०१४-१५ मध्ये बचावाच्या गुणांकनात वॉरियर्स पहिले आले. कर यांनी जॅक्सन यांचं हे ऋण उघडपणे मान्य केलं. काय बदलायचं याइतकंच काय बदलायचं नाही हे ठरवणं महत्त्वाचं असतं. नवेपणाच्या उत्साहात अनेक प्रशिक्षक हे विसरतात आणि चालतं यंत्र उघडून बसतात.

प्रशिक्षकाच्या सामर्थ्याची हद्दही याच संघाने दाखवली. २०१५-१६ च्या सुरुवातीला पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे कर यांना घरी राहावं लागलं, तेव्हा वॉल्टन यांच्या हाताखाली संघाने पहिले २४ सामने ओळीने जिंकले. रुजलेली पद्धत माणूस नसतानाही चालते. उलट २०१९-२० मध्ये केव्हिन ड्युरँट हा मोठा खेळाडू संघ सोडून गेला, थॉम्प्सन वर्षभर जायबंदी होता, करीचा हात मोडला, आणि त्याच कर यांच्या संघाने ६५ पैकी फक्त १५ सामने जिंकले. त्यांची विद्या कमी झाली नव्हती, पण ती ज्यांच्या हातून प्रकट व्हायची ते हात मैदानात नव्हते. संघमालकांनी त्यांना हटवलं नाही. २०२२ मध्ये याच संघाने पुन्हा विजेतेपद जिंकलं.

सॅक्रामेंटोचा अनुभव

ओकलंडपासून दीडेक तासाच्या रस्त्यावर सॅक्रामेंटो किंग्जचं घर आहे. या संघाशी मराठी वाचकाचं थोडं नातं आहे. त्याचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मले आणि वाढले. आधी ते वॉरियर्सचे सहमालक होते, २०१३ मध्ये त्यांनी किंग्ज घेतला आणि भारतात जन्मलेले एनबीएचे पहिले प्रमुख संघमालक झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये एनबीए संघांचे भारतातले पहिले सामने झाले, ते किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात.

वॉरियर्सचा कायापालट झाला त्याच २०१४-१५ च्या हंगामात किंग्जने तीन प्रशिक्षक पाहिले. माइक मलोन यांची सुरुवात चांगली होती. मग मुख्य खेळाडू डिमार्कस कझिन्स मेंदूज्वराने आजारी पडला, संघ घसरला आणि ११ विजय, १३ पराभवांवर मलोन यांना काढण्यात आलं. त्यांच्या मागे टायरोन कॉर्बिन आले, आणि हंगाम संपायच्या आत जॉर्ज कार्ल. एकूण विजय २९. दर प्रशिक्षकाबरोबर चाली बदलल्या, मिनिटांची वाटणी बदलली आणि खेळाडूंच्या मनातला ‘आता माझं काय’ हा प्रश्न कायम राहिला.

मलोन २०१५ मध्ये डेन्व्हर नगेट्सकडे गेले. तिथे पहिली तीन वर्षं संघ प्लेऑफमध्येही पोहोचला नाही, तरी व्यवस्थापनाने धीर धरला. मलोन आणि तिथला मुख्य खेळाडू निकोला योकिच एकत्र वाढले आणि २०२३ मध्ये डेन्व्हरने आपलं पहिलं एनबीए विजेतेपद जिंकलं. माणूस तोच होता, घर वेगळं होतं.

किंग्जने पुढे वॉल्टन यांनाही आणलं. वॉरियर्सबरोबर ओळीने २४ सामने जिंकणाऱ्या या प्रशिक्षकाला सॅक्रामेंटोत तिसरा हंगाम पूर्ण करता आला नाही. मग २०२२ मध्ये, स्टीव्ह कर यांच्या हाताखाली सहा वर्षं काढलेले माइक ब्राउन आले. त्यांनी डोमान्टस सबोनिस या उंच, उत्तम पास देणाऱ्या खेळाडूला आक्रमणाच्या केंद्रस्थानी ठेवलं, त्याच्याभोवती शूटर फिरते ठेवले आणि पहिल्याच हंगामात ४८ सामने जिंकून १६ हंगामांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला. वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांची एकमताने निवड झाली. पुढे, डिसेंबर २०२४ मध्ये, संघाची सुरुवात खराब झाली आणि त्यांनाही काढण्यात आलं. इतक्या लवकर सूत्रं बदलली की रुजलेलंही उपटलं जातं, असं मला या इतिहासातून ठामपणे वाटतं.

नव्या प्रशिक्षकाला कसं पारखावं

पुढच्या वेळी एखादा संघ नवा प्रशिक्षक नेमेल तेव्हा पहिल्या महिन्यातल्या जय-पराजयांवरून निकाल देऊ नका. खेळाडू दुखापतीत असतील, वेळापत्रक अवघड असेल, नव्या सवयी अजून अंगवळणी पडत असतील. त्याऐवजी तीन गोष्टी पाहा. चेंडू पूर्वीपेक्षा अधिक हातांतून फिरतो आहे का? आधी कोपऱ्यात पडलेल्या एखाद्या खेळाडूला शोभेल असं काम मिळालं आहे का? आणि ज्याची मिनिटं कमी झाली, तो बाकावरून सहकाऱ्यांसाठी उठून उभा राहतो आहे का? या तिन्हींचं उत्तर होकारार्थी असेल, तर गुणतक्ता काहीही सांगो, तिथे काहीतरी उभं राहतं आहे.

नवा प्रशिक्षक गुणवत्ता पोत्यात भरून आणत नाही. संघात आधीपासून असलेली, पण चुकीच्या जागी अडकलेली गुणवत्ता त्याला दिसते, आणि ती मोकळी करायला लागणारी पद्धत, शब्द आणि धैर्य त्याच्याकडे असतं. उरलेली एक गोष्ट त्याच्या हातात नसते. ती संघमालकाने द्यायची असते, आणि ती म्हणजे वेळ. प्रशिक्षक निवडण्याइतकीच ही जबाबदारी मोठी आहे, कारण ती न पेलणाऱ्या घरात उत्तम प्रशिक्षकही येतात आणि आपलं काम अर्धवट ठेवून निघून जातात.